तीस रुपयांचा लाल दिवा

जुलैतली संध्याकाळ, पुण्यातल्या दांडेकर पुलाचा सिग्नल. पाऊस नुकताच थांबलेला, रस्ता ओला, सगळ्यांच्या अंगावर रेनकोट. शेजारच्या रिक्षातून मान बाहेर काढून रिक्षावाले काका म्हणाले, "ताई, तुमचा ब्रेक लाईट लागत नाहीये. मगाशी एकदम थांबलात ना, थोडक्यात वाचलात." मी म्हटलं, "अहो काका, परवाच सर्व्हिसिंग करून आणलीये." "बघा तरी एकदा," ते म्हणाले आणि सिग्नल सुटला.

घरी आल्यावर पार्किंगमध्ये मुलाला स्कूटरच्या मागे उभं केलं. उजवा ब्रेक दाबला, मग डावा. "आई, लागलेलाच आहे की लाल." "दाबल्यावर जास्त होतो का, ते बघ." "नाही. तेवढाच आहे." डिकीत सर्व्हिस सेंटरचा कागद होता. त्यावर 'सर्व दिवे तपासले' या ओळीपुढे बरोबरची खूण होती आणि खाली साडेअठराशेचं बिल. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनने तीस रुपयांचा बल्ब बसवला, वीस रुपये मजुरी घेतली. पाच मिनिटांचं काम.

माझ्या मुलाचं उत्तर चुकीचं नव्हतं आणि खरी अडचण तिथेच आहे. साध्या बल्बच्या गाड्यांमध्ये टेल लाईट आणि ब्रेक लाईट बहुधा एकाच काचेच्या बल्बात असतात. त्या बल्बात दोन फिलामेंट असतात, एक ५ वॅटची आणि दुसरी २१ वॅटची. ५ वॅटची रात्री सतत जळते, २१ वॅटची ब्रेक दाबला की पेटते. मोठी फिलामेंट तुटली तरी छोटी चालूच राहते, त्यामुळे लांबून पाहिलं तर दिवा लागलेला दिसतो आणि आपण निर्धास्त होतो. दुचाकीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट झाली आहे. १ एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाकींचा हेडलाईट इंजिन चालू असेपर्यंत आपोआप पेटलेला असतो आणि बहुतेक गाड्यांत त्याच्याबरोबर मागचा लाल दिवाही. म्हणजे मागच्या माणसाला दिवसभर लाल उजेड दिसतच असतो. ब्रेक लागला हे त्याला कळणार ते फक्त तो उजेड झपकन वाढल्यामुळे. तो वाढलाच नाही, तर त्याच्या दृष्टीने तुम्ही अजून चालतच आहात.

ताशी ६० किलोमीटरच्या वेगात गाडी एका सेकंदात साधारण साडेसोळा मीटर जाते. एसटीची बस एवढी लांब नसते. पुढची गाडी थांबते आहे हे दिव्याऐवजी कमी होत जाणाऱ्या अंतरावरून ओळखायचं म्हटलं, तर हा एक सेकंद सहज जातो. ओल्या रस्त्यावर, संध्याकाळच्या करड्या उजेडात त्याहून जास्तच.

कोणीतरी तपासत असेल, असं आपण धरून चालतो. तसं कोणी नाही. पीयूसीमध्ये फक्त धूर तपासतात, दिव्यांशी त्याचा संबंध नाही. खासगी मोटार आणि दुचाकीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते आणि तोवर तिला फिटनेससाठी आरटीओत न्यावं लागत नाही. रिक्षा, टॅक्सी, टेम्पो, ट्रक यांना मात्र पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तपासणी असते. आपल्या घरच्या गाडीकडे १५ वर्षं बघणारे आपणच. आणि गाडीचा हा भागच असा आहे की, तो कामाला लागतो तेव्हा आपण नेमके त्याच्याकडे पाठ करून बसलेले असतो.

तपासायचं कसं, ते आधी सांगते. खर्चाचं नंतर.

सगळ्यात सोपं म्हणजे दुसरा माणूस. सोसायटीचे वॉचमन काका, शेजारचं पोर, पेट्रोल पंपावर हवा भरणारा मुलगा, कोणीही. पण "लाईट लागतो का?" असं विचारू नका. "मी दाबल्यावर उजेड वाढतो का आणि सोडल्यावर कमी होतो का?" असं विचारा. हेडलाईट किंवा पार्किंग लाईट चालू ठेवून विचारा, म्हणजे फरक खरा कळेल. मोटार असेल तर डावा, उजवा आणि असल्यास मागच्या काचेतला मधला, असे तिन्ही वेगवेगळे मोजायला सांगा. 'लागले' एवढ्यावर समाधान मानू नका.

एकट्याने करायचं तर रात्री गाडी भिंतीकडे किंवा दुकानाच्या बंद शटरकडे पाठ करून हातभर अंतरावर उभी करा आणि आरशातून भिंतीवरचा लाल उजेड बघा. ब्रेक दाबल्यावर दोन्ही बाजूंना सारखा वाढला पाहिजे. बहुतेक मोटारींचे ब्रेक लाईट चावी न लावताही लागतात. त्यामुळे छत्री किंवा काठी ब्रेकच्या पेडलवर टेकवून दुसरं टोक सीटला अडकवायचं आणि मागे जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. फोन मागे ठेवून व्हिडिओ घेतला तरी चालतो. सिग्नलला मागे मोठी गाडी उभी असली, तर तिच्या बंपरवर किंवा नंबर प्लेटवर आपला लाल उजेड पडलेला आरशात दिसतो. मी हल्ली रोज हेच करते, त्याला वेगळा वेळ लागत नाही.

दुचाकीवाल्यांनी एक गोष्ट विसरू नये. दोन ब्रेक आहेत, तसे दोन स्विचही आहेत. मोटारसायकलचा पुढचा स्विच उजव्या मुठीपाशी असतो. मागचा पायाच्या पेडलला बारीक स्प्रिंगने जोडलेला असतो, चिखल नेमका उडतो तिथेच. स्कूटरला दोन्ही मुठींपाशी एकेक स्विच. हाताच्या ब्रेकने दिवा लागतो आणि पायाच्या ब्रेकने लागत नाही, असं फार वेळा असतं. म्हणून दोन्ही वेगवेगळे दाबून बघा, एकत्र नाही.

दिवा कधी लागतो, तेही बघायचं. पेडल थोडं दबलं, ब्रेक अजून पकडायचा आहे, तेवढ्यात दिवा लागला पाहिजे. मोटारसायकलचा मागचा ड्रम ब्रेक मेस्त्रीने घट्ट करून दिला की, पेडलची चाल बदलते आणि स्विचचं गणित बिघडतं. मग एकतर दिवा फार उशिरा लागतो किंवा कायमचा लागून राहतो. कायम पेटलेला ब्रेक लाईट बंद दिव्याइतकाच घातक, कारण मागच्याला तुम्ही कधी थांबलात हे सांगणारं काहीच उरत नाही. पायाच्या स्विचला प्लास्टिकचा नट असतो, तो थोडा फिरवला की जुळतं. ब्रेक टाईट करून घेताना "स्विचपण सेट कर" एवढं वाक्य बोललात, तर त्याचे वेगळे पैसे कोणी घेत नाही.

आता बिघाड कुठे आहे ते ओळखायचं. हे घरी ओळखून गेलात, तर गॅरेजमध्ये "सगळं वायरिंग बदलावं लागेल" हे ऐकावं लागत नाही.

मोटारीचा एकाच बाजूचा दिवा गेला असेल, तर बहुधा बल्ब. नाहीतर त्याचा होल्डर किंवा अर्थिंग. तिन्ही एकदम गेले, तर तीन बल्ब एका दिवशी जळाले असं होत नाही. फ्यूज किंवा पेडलजवळचा स्विच बघायचा. ऑटोमॅटिक गाडीचा गिअर 'पी'मधून निघत नाही, किंवा बटण दाबून सुरू होणारी गाडी ब्रेक दाबूनही सुरू होत नाही, तर त्याचं मूळही बऱ्याचदा याच स्विचमध्ये असतं, कारण ब्रेक दाबला आहे हे गाडीला तोच सांगतो. लोक बॅटरी बदलतात आणि दोष तिथेच राहतो. गाडी लॉक केल्यावरही ब्रेक लाईट पेटलेले राहिले, तर पायाखालच्या मॅटवर प्लास्टिकचे बारीक तुकडे पडलेत का बघा. पेडल आणि स्विचच्या मध्ये एक छोटा स्टॉपर असतो. तो वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ठिसूळ होऊन फुटतो, मग स्विचचा दांडा दाबला जात नाही आणि दिवे विझत नाहीत. २१ वॅटचे दोन बल्ब साडेतीन अँपिअर खातात. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी त्याने एका रात्रीत बसते.

ब्रेक दाबला की टेल लाईट मंद होतो किंवा त्याच बाजूचा इंडिकेटर मिणमिणतो, असं विचित्र काही दिसलं तर अर्थिंग गेलंय असं समजा. बल्बाला परतीची वाट मिळत नाही, म्हणून वीज शेजारच्या दिव्यातून वाट काढते. पावसाळ्यात आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत हे फार होतं. काचेचं पॅकिंग सुटतं, आत पाणी झिरपतं, होल्डरच्या पितळी पट्टीवर हिरवट थर चढतो. यावर इलाज म्हणजे पॉलिश पेपरचा एक तुकडा आणि दोन मिनिटं घासणं.

बल्ब स्वतः बदलणं अवघड नाही, पण एक जागा फसवी आहे. आतून काढलेला बल्ब उजेडाकडे धरा. काच आतून काळपट किंवा चंदेरी झाली असेल, किंवा कानाशी हलवल्यावर किणकिण वाजलं, तर गेला. बुडाशी शिशाचे दोन ठिपके असतील तर तो डबल कॉन्टॅक्ट, एकच असेल तर सिंगल. दुकानात तोच बल्ब दाखवून तसाच मागायचा, आकड्यांत सांगायचं तर '१२ व्होल्ट, २१/५ वॅट'. डबल कॉन्टॅक्ट बल्बच्या बाजूच्या दोन पिना समान उंचीवर नसतात, एक वर आणि एक खाली. म्हणून तो एकाच दिशेने बसतो. दाबायचा आणि फिरवायचा. बसत नाही म्हणून जोर करून उलटा कोंबला, तर दोन फिलामेंटची अदलाबदल होते. नेहमी भगभगीत उजेड आणि ब्रेक दाबल्यावर त्यात जेमतेम फरक, असला प्रकार दिसला तर कोणीतरी हेच केलेलं असतं. हॅलोजन हेडलाईटच्या काचेला बोट लावू नये म्हणतात ते बरोबर आहे, पण या साध्या बल्बाला तसा नियम नाही. कोरड्या फडक्याने पुसून बसवला की झालं.

खर्च. हे आकडे पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांतले आणि गल्लीतल्या गॅरेजचे, ढोबळ मानाने. गाडी, कंपनी आणि गाव बदललं की थोडे खाली-वर होतील.

बल्ब २० ते ६० रुपये. इथे पाच-दहा रुपये वाचवायला जाऊ नका, नाव नसलेल्या बल्बाची फिलामेंट खड्ड्यांच्या रस्त्यावर फार टिकत नाही. फ्यूज ५ ते २० रुपये, पण जितक्या अँपिअरचा निघाला तितक्याचाच घाला. पुन्हा उडतो म्हणून मोठा घालणं म्हणजे वायरिंग जाळण्याची तयारी. दुचाकीचा ब्रेक स्विच ५० ते २०० रुपये, मोटारीचा २०० ते ८००. पेडलचा स्टॉपर सुटा मिळाला तर शंभराच्या आत, पण तो सुटा मिळतो हे बरेच जण सांगत नाहीत आणि अख्खा स्विच गळ्यात घालतात. होल्डर ५० ते २५०. मजुरी गल्लीत २० ते २००. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नुसत्या तपासणीचेच ३०० ते ६०० लागू शकतात. वॉरंटी चालू असेल तर मात्र आधी तिथेच जा, स्विच आणि होल्डर त्यात बसतात का विचारा. बल्ब सहसा बसत नाही.

म्हणजे साध्या बल्बच्या गाडीत पन्नास-शंभर रुपयांपासून, फार झालं तर हजारापर्यंत.

एलईडी दिव्यांचं तसं नाही. एलईडीचे फायदे खरे आहेत. ती बल्बापेक्षा साधारण ०.२ सेकंद आधी पूर्ण पेटते. ताशी ८० च्या वेगात मागच्या गाडीला त्याने चार मीटरहून जास्त अंतर मिळतं आणि कित्येक धडका तेवढ्यावर टळू शकतात. पण बिघडली तर आत हात घालायला जागा नसते. कंपनी सगळा दिवाच बदलायला सांगते. स्कूटरचा ४०० ते १५००, बल्बवाल्या मोटारीचा हजार ते चार हजार, एलईडीवाल्या मोटारीचा चार हजारांपासून वीस हजारांपर्यंत. डिकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच पट्टी असलेल्या नव्या गाड्यांचा त्याहूनही वर जातो. शहरांत काही कारागीर काच गरम करून डिंक सोडवतात, आतली गेलेली एलईडी बदलतात आणि पाचशे ते पंधराशेत दिवा चालू करून देतात. मी हे करून घेतलं आहे आणि चांगला अनुभव आहे. फक्त दिवा पुन्हा बंद करताना कडेचा सीलंट नीट भरला की नाही हे समोर उभं राहून बघा, बसवण्याआधी वरून पाणी ओतून दाखवायला सांगा. नाहीतर पहिल्याच पावसात आत तळं.

ठोकर लागून दिवा फुटला आणि विम्याचा विचार मनात आला, तर आधी कागदावर हिशेब करा. समजा दिवा ६,००० रुपयांचा. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, राहिले ३,०००. १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला हजार रुपये आपल्या खिशातले असतात, राहिले २,०००. आता दुसरी बाजू. तुम्हाला यंदा ३५ टक्के नो-क्लेम बोनस आहे, क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी तो ४५ होईल. केला तर शून्य. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता ८,००० धरला तर ३,६०० ची सूट गेली. दोन हजार मिळवायला छत्तीसशे घालवायचे. घसारा न कापणारी झिरो-डेप पॉलिसी किंवा बोनस वाचवणारं ॲड-ऑन असेल, तर हिशेब वेगळा होतो. तो एजंटकडून लेखी घ्या.

साध्या बल्बच्या काचेत बाजारातला एलईडी बल्ब घालायचा मोह होतो, शंभर-दोनशेत मिळतो. माझं मत स्पष्ट आहे, घालू नका. आतला आरसा फिलामेंटच्या जागेनुसार बनवलेला असतो, त्यामुळे स्वस्त एलईडीचा उजेड भलतीकडे फाकतो आणि टेल व ब्रेक यांतला फरक पुसट होतो. काळी फिल्म चिकटवलेल्या काचा, लुकलुकणाऱ्या रंगीत पट्ट्या हेही तसंच. मागच्या माणसाला अर्थ कळला पाहिजे, त्याचे डोळे दिपायला नकोत.

दंडाचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये एक शब्दयोजना लक्षात ठेवण्यासारखी आहे. जो दोष तुम्हाला माहीत आहे, किंवा साधी काळजी घेतली असती तर समजला असता, असा धोकादायक दोष असलेलं वाहन चालवणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याचा दंड १,५०० रुपयांपर्यंत आहे. त्या दोषामुळे अपघात होऊन कोणाला इजा झाली किंवा मालमत्तेचं नुकसान झालं, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर तिथे चालत नाही.

घाटात उतरताना एक सवय लावून घ्या. खालच्या गिअरवर गाडी आवरणं योग्यच, पण इंजिनाच्या जोरावर वेग कमी होतो तेव्हा ब्रेक लाईट लागत नाही. खंबाटकीत किंवा कशेडीत मागे भरलेला ट्रक असेल, तर पेडलला मधूनच हलकासा पाय लावा, म्हणजे त्याला कळेल. तसंच दुचाकीच्या मागे पोतं, दुधाचे कॅन, लांब रेनकोटाची झूल असं काही असेल तर दिवा झाकला जातो. दिवा चांगला असून उपयोग नाही. गळीत हंगामात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या रात्री धावतात. मागून त्यांचा नुसता काळोख दिसतो. ट्रॅक्टरचा दिवा ट्रॉलीच्या आड जातो आणि ट्रॉलीला स्वतःचा दिवा बऱ्याचदा नसतो, असला तरी वायर तुटलेली. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर दिव्यांची जोडी, वायर आणि प्लग मिळून हजार-बाराशेत बसतं आणि रिफ्लेक्टर पट्टी शे-दोनशेत. जोवर दिवे बसत नाहीत, तोवर निदान पट्टी लावा, आणि उसाची वाढं त्यावर लोंबू देऊ नका.

मी महिन्याच्या पहिल्या रविवारी टायरची हवा बघते, त्याच वेळी ब्रेक लाईट बघते. डिकीत एक जास्तीचा बल्ब, एक फ्यूज आणि पॉलिश पेपरचा तुकडा जुन्या रुमालात गुंडाळून ठेवला आहे. सर्व्हिसिंगहून गाडी घेताना पैसे देण्याआधी तिथल्याच मुलाला मागे उभं करते आणि दोन्ही ब्रेक दाबून दाखवायला लावते. दोनदा त्याच जागी बल्ब बदलून मिळाला आहे.

आणि पुढच्या गाडीचा दिवा बंद दिसला तर सिग्नलला शेजारी थांबून सांगते. चालत्या गाडीत हॉर्न वाजवून, हातवारे करून सांगू नये, समोरचा गोंधळतो. थांबल्यावर, "दादा, ब्रेक दाबल्यावर मागचा लाईट लागत नाहीये, डाव्या बाजूचा," असं नेमकं सांगावं. डावा की उजवा हे कळलं की पुढच्याचं अर्धं काम होतं. मागच्या आठवड्यात सिंहगड रोडवर एका काकांना असंच सांगितलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरून मागे आले, मी पुढे जाऊन त्यांचा ब्रेक दाबून धरला. काका वाकून दोन्ही दिव्यांकडे आलटून पालटून बघत राहिले.